चार वचनांचा संदेष्टा: उरीया बिन शमाया आणि पुराव्यातलं मौन



संशोधनाची तयारी करणारी मुलं-मुली एक प्रश्न हमखास विचारतात: ‘ज्या माणसाबद्दल साधनांमध्ये दोन-चार ओळीच मिळतात, त्याच्यावर काम करता येतं का?’ उत्तर आहे, येतं. पण त्या दोन-चार ओळींचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. बहुतेकदा आपण लगेच उरलेली जागा भरायला लागतो. त्याऐवजी ओळी एवढ्या कमी का आहेत, हे आधी विचारायला हवं. आज हीच गोष्ट एका उदाहरणावरून बघू. उदाहरण हिब्रू शास्त्रातलं आहे. धर्मश्रद्धेचा विषय आपण बाजूला ठेवतोय आणि मजकुराकडे एक ऐतिहासिक साधन म्हणून बघतोय.

माणसाचं नाव आहे उरीया बिन शमाया. नाव ऐकलेलं नसेल तर बिघडत नाही. हिब्रू शास्त्रात बारा ‘लघु संदेष्टे’ आहेत. त्यांना लघु म्हणतात ते त्यांचे ग्रंथ आकाराने लहान आहेत म्हणून, महत्त्व कमी म्हणून नव्हे. उरीया त्या बारांतही नाही. त्याच्या नावावर एकही ग्रंथ नाही. यिर्मयाच्या ग्रंथात, सव्विसाव्या अध्यायात, वीस ते तेवीस अशी चार वचनं त्याच्या वाट्याला आली आहेत. संपूर्ण हिब्रू शास्त्रात तो बाकी कुठेच भेटत नाही.

त्या चार वचनांत आहे काय?

आधी पार्श्वभूमी. इ.स.पू. ६०९ मध्ये यहूदाचा राजा योशीया मगिद्दो इथे इजिप्तच्या फारो नखोकडून मारला गेला. लोकांनी त्याचा मुलगा यहोआहाज याला गादीवर बसवलं. तीन महिन्यांत फारोने त्याला काढलं आणि दुसऱ्या मुलाला बसवून त्याचं नाव यहोयाकीम ठेवलं. वर शंभर किक्कार चांदी आणि एक किक्कार सोनं अशी खंडणी लावली. म्हणजे यहोयाकीम हा इजिप्तने बसवलेला राजा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या राजाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला यिर्मया यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात उभा राहून म्हणतो की तुम्ही सुधारला नाहीत तर या मंदिराची गत शिलोसारखी होईल. शिलो म्हणजे पूर्वीचं एक मोठं पूजास्थान, जे उद्ध्वस्त झालं होतं. याजक आणि इतर संदेष्टे चिडतात, त्याला धरतात आणि मृत्युदंड मागतात. राजवाड्यातून सरदार येतात, मंदिराच्या दारात सुनावणी होते. सरदार म्हणतात, हा मरणाला पात्र नाही. मग काही वडीलधारे उठून एक दाखला देतात: हिज्कीया राजाच्या काळात मोरेशेथच्या मीखाने अगदी असंच भाकीत केलं होतं आणि राजाने त्याला मारलं नव्हतं.

याच्या लगेच पुढे उरीया येतो. तो किर्याथ-यारीमचा. हे गाव यरुशलेमच्या पश्चिमेला साधारण बारा-तेरा किलोमीटरवर. कराराचा कोश इथेच वीस वर्षं होता असं शमुवेलाच्या ग्रंथात आहे. उरीया यिर्मयासारखंच बोलला, राजाने ऐकलं, त्याला मारायचं ठरवलं. उरीया घाबरला आणि इजिप्तला पळाला. राजाने एलनाथान बिन अखबोर याच्याबरोबर माणसं पाठवली, त्यांनी त्याला पकडून आणलं. राजाने त्याला तलवारीने मारलं आणि प्रेत सामान्य लोकांच्या कबरस्तानात टाकून दिलं. बस्स. त्यानंतर एकच वाक्य येतं: मात्र शाफानाचा मुलगा अहीकाम यिर्मयाच्या पाठीशी होता, म्हणून त्याला ठार मारण्यासाठी लोकांच्या हाती दिलं गेलं नाही.

पहिलं काम: मजकुरात तो कुठे बसलाय ते बघा

माहिती कमी असेल तेव्हा तिची जागा सगळ्यात आधी तपासायची. ही चार वचनं बोलतंय कोण? वडीलधाऱ्यांचंच भाषण पुढे चालू आहे का? पण ते तर यिर्मयाला वाचवायला उठले होते. आधी मीखाचा दाखला देऊन लगेच ‘आणि हो, परवा एकाला मारलंही’ असं ते कशाला सांगतील? काही अभ्यासक म्हणतात, हा विरोधी बाजूचा प्रतिदाखला असावा. बऱ्याच जणांच्या मते हे निवेदकाने नंतर जोडलेलं आहे. मलाही तेच पटतं. पळून जाणं, राजाने माणसं पाठवणं, त्यांनी परत आणणं, याला वेळ लागतो. आणि सुनावणी तर कारकिर्दीच्या सुरुवातीची सांगितली आहे.

म्हणजे निवेदकाने दोन दाखले शेजारीशेजारी ठेवलेत. मीखा बोलला, वाचला. उरीया बोलला, मेला. मधे यिर्मया, ज्याचं काय होणार हे अजून ठरायचंय. उरीयाचं काम या रचनेत असं आहे: यिर्मयावरचा धोका खरा होता हे दाखवणं.

आणखी एक बारीक गोष्ट. उरीया नेमकं काय म्हणाला, हे मजकुरात कुठेच नाही. त्याचे शब्द ‘यिर्मयाच्या शब्दांसारखे’ होते, एवढंच. त्याला स्वतःचा आवाज दिलेलाच नाही.

दुसरं काम: गोष्ट त्या काळात बसते का?

इजिप्तला पळालेल्या माणसाला छोट्या यहूदाचा राजा परत कसा आणू शकतो? इथे मघाची गोष्ट कामाला येते. यहोयाकीम फारोचाच मांडलिक होता. फरारी माणसं परस्परांना परत करायची कलमं प्राचीन पश्चिम आशियातल्या तहांमध्ये सापडतात. दुसरा रामसेस आणि हित्ती राजा तिसरा हत्तुसिली यांच्या साधारण इ.स.पू. १२५९ च्या तहात अशी कलमं आहेत. उलट तिथे परत केलेल्या माणसाला इजा करू नये अशीही अट आहे. इ.स.पू. आठव्या शतकातल्या सेफिरेच्या अरामी तहांतही फरारी लोकांबद्दल कलमं आहेत.

आता नीट लक्ष द्या. यावरून ‘यहोयाकीम आणि नखो यांच्यात प्रत्यार्पणाचा करार होता’ असं लिहिता येतं का? नाही. असा करार आपल्या हातात नाही. लिहिता येतं ते एवढंच: अशी पद्धत त्या प्रदेशात माहीत होती आणि राजकीय परिस्थिती तिला अनुकूल होती. इ.स.पू. ६०५ मध्ये कर्कमीशला बाबेलच्या सैन्याने इजिप्तला हरवलं, पुढे यहोयाकीम बाबेलचा मांडलिक झाला. त्यामुळे उरीयाचं प्रकरण ६०९ ते ६०५ च्या दरम्यान बसवणं जास्त सोयीचं. पण हे अनुमान आहे, आणि प्रबंधात ते अनुमान म्हणूनच दिसलं पाहिजे. ‘शक्य होतं’ आणि ‘झालं’ यांच्यातलं अंतर व्हायव्हामध्ये बरोबर पकडलं जातं.

मोह: लाखीशची खापरं

आता खरी परीक्षा. १९३५ मध्ये जे. एल. स्टार्की यांच्या पथकाला लाखीशच्या वेशीतल्या एका खोलीत, जळलेल्या थरात, शाईने लिहिलेली अठरा खापरं सापडली. १९३८ मध्ये आणखी तीन मिळाली. हा थर बाबेलच्या आक्रमणाचा, इ.स.पू. ५८७-५८६ च्या सुमाराचा. यातली बरीच खापरं म्हणजे पत्रं आहेत. होशायाहू नावाचा एक कनिष्ठ अधिकारी याऊश नावाच्या वरिष्ठाला लिहितोय.

तिसऱ्या पत्रात तो कळवतो की सेनापती कोन्याहू बिन एलनाथान इजिप्तला जायला खाली आला आहे. त्याच पत्रात एका ‘संदेष्ट्या’कडून आलेल्या, सावध राहा असं सांगणाऱ्या चिठ्ठीचा उल्लेख आहे. सोळावं खापर फुटकं आहे, पण त्यावर ‘...याहू संदेष्टा’ एवढी अक्षरं वाचता येतात. नावाचा पुढचा भाग तुटून गेलाय.

एलनाथान, इजिप्त, संदेष्टा, आणि ‘याहू’ने संपणारं नाव! हिब्रूत उरीया या अध्यायात ‘उरीयाहू’ असाच लिहिला आहे. हिब्रू विद्यापीठातले थोर भाषातज्ज्ञ हॅरी टॉर्चिनर, जे पुढे नफ्ताली तूर-सिनाई या नावाने ओळखले गेले, त्यांनी ही पत्रं १९३८ मध्ये प्रसिद्ध केली आणि हा संदेष्टा म्हणजे आपला उरीयाच असं मांडलं. कल्पना करा, शास्त्रातली चार वचनं आणि जमिनीतून निघालेली समकालीन पत्रं एकमेकांना साक्ष देताहेत! कुठल्याही संशोधकाला हे स्वप्नच वाटेल.

पण एकेक दुवा हाताने ओढून बघू.

पहिला दुवा काळाचा. उरीयाला मारणारा यहोयाकीम इ.स.पू. ५९८ मध्ये मेला. पत्रं सिद्कीयाच्या शेवटच्या दिवसांतली, म्हणजे किमान दहा वर्षांनंतरची. मेळ घालायचा तर यिर्मयाच्या ग्रंथातलं राजाचं नावच चुकलंय असं म्हणावं लागतं. एक पुरावा जुळवण्यासाठी दुसरा वाकवायचा, इथेच धोक्याची घंटा वाजायला हवी.

दुसरा दुवा माणसाचा. शास्त्रात इजिप्तला जातो तो एलनाथान बिन अखबोर. पत्रात जातो तो एलनाथानाचा मुलगा. शिवाय एलनाथानाचा बाप कोण, हे पत्रात नाही.

तिसरा दुवा कामाचा. वेढा पडायच्या बेतात असताना यहूदाचा सेनापती इजिप्तला जातो तेव्हा तो मदत मागायला गेला असेल, ही शक्यता जास्त साधी आहे. फरारी माणसाला पकडण्याबद्दल पत्रात काही नाही.

चौथा दुवा त्या ‘याहू’चा, आणि इथे आकडे मोजले की भ्रम उतरतो. लाखीशचंच पहिलं खापर घ्या. त्यावर पाच माणसं आणि त्यांचे पाच बाप, अशी दहा नावं आहेत. दहापैकी आठ ‘याहू’ने संपतात, कारण तो देवाच्या नावाचा अंश आहे आणि यहूदात तो नावाला लावायची सर्रास रीत होती. त्या यादीत एक यिर्मयाहू आहे, एक गमऱ्याहू आहे, एक नेरीयाहूही आहे. तिघेही यिर्मयाच्या ग्रंथातल्या नावांचे, पण त्या ग्रंथातली ती माणसं नव्हेत. गमऱ्याहूचा बाप वेगळा. यिर्मयाहूला इथे मुलगा आहे, तर संदेष्टा यिर्मया लग्न न केलेला. नेरीया हा ग्रंथात बारूखाचा बाप. इथल्या नेरीयाहूचा मुलगा मत्तन्याहू आहे, आणि तो बारूखाचा भाऊ असेल असं म्हणायला नावाखेरीज काही आधार नाही. अशा गावात तुटक्या ‘...याहू’वरून माणूस ओळखणं किती कठीण! सोळाव्या खापरावर काहींनी उरीयाऐवजी यिर्मयाच वाचला होता, यातच सगळं आलं.

आज हा मेळ अभ्यासक मानत नाहीत. टॉर्चिनर यांचं अक्षरवाचनाचं काम मात्र पायाभूतच राहिलं. माणूस मोठा असला तरी त्याचा एखादा निष्कर्ष टिकत नाही, आणि निष्कर्ष टिकला नाही म्हणून माणूस लहान होत नाही. साहित्य-समीक्षेचं प्रकरण लिहिताना हा तोल ठेवा.

नावं जुळवायची तर कशी?

लॉरेन्स मायकिटिउक यांनी २००४ च्या त्यांच्या पुस्तकात यासाठी कसोट्या मांडल्यात. सोप्या भाषेत सांगायचं तर तीन प्रश्न. वस्तू अस्सल आणि कुठून आली ते माहीत आहे का? काळ आणि समाज जुळतो का? आणि ओळखीच्या खुणा किती, म्हणजे नाव, बापाचं नाव, हुद्दा?

दोन उदाहरणं शेजारी ठेवा. १९८२ मध्ये यरुशलेमच्या दावीदनगरात यिगाल शिलो यांच्या उत्खननात जळलेल्या थरात मातीचे शिक्के सापडले. त्यातल्या एकावर ‘गमऱ्याहू बिन शाफान’ असं आहे. उत्खननातली वस्तू, योग्य शहर, योग्य काळ, बापलेकांची दोन्ही नावं. यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायातला गमऱ्या हाच, असं बरेच जण मानतात. दुसरं उदाहरण यिर्मयाचा लेखक बारूख याच्या शिक्क्याचं. त्यावर नाव, बापाचं नाव आणि ‘लेखक’ हा हुद्दा, तिन्ही होतं. पण तो उत्खननात नव्हे, पुराणवस्तूंच्या बाजारात उगवला होता. १९७५ च्या सुमारास तो गाजला. २०१४ मध्ये युवाल गोरेन आणि एरान आरिये यांनी तपासून तो बनावट असल्याचं मांडलं. म्हणजे तिन्ही खुणा तंतोतंत जुळल्या त्या बाजारातल्या वस्तूवर! पहिली कसोटी पहिली का आहे, ते यावरून कळेल.

आणि ज्या नावावर भिस्त, तेच गायब

अजून एक गंमत आहे. यिर्मयाच्या ग्रंथाचं जुनं ग्रीक भाषांतर, सेप्टुअजिंट, हे प्रचलित हिब्रू पाठापेक्षा बरंच लहान आहे. त्यात अध्यायांचे क्रमांकही वेगळे. आपला सव्विसावा तिथे तेहेतिसावा. या ग्रीक पाठात राजा इजिप्तला ‘माणसं’ पाठवतो. एलनाथान बिन अखबोर हे नाव तिथे नाहीच.

पूर्वी म्हणता आलं असतं की भाषांतरकाराने गाळलं असेल. पण मृत समुद्राजवळ कुमरानला यिर्मयाच्या हिब्रू हस्तलिखिताचे असेही तुकडे मिळाले, जे ग्रीकसारख्या आखूड पाठाशी जुळतात. सव्विसाव्या अध्यायाचा हा भाग त्यात नाही, पण आखूड हिब्रू पाठ अस्तित्वात होता एवढं नक्की ठरतं. मग एलनाथानाचं नाव इथे नंतर कोणी छत्तिसाव्या अध्यायावरून आणून घातलं असण्याची शक्यता उरते. त्या अध्यायात यहोयाकीम यिर्मयाचं गुंडाळीपुस्तक जाळतो, तेव्हा ‘जाळू नका’ म्हणणाऱ्यांत हाच एलनाथान आहे. एका संदेष्ट्याला मरणाकडे ओढून आणणारा माणूस दुसऱ्याचं पुस्तक वाचवायला बघतो! ‘त्याला पश्चात्ताप झाला असेल’ असं लिहायचा मोह होतो. कादंबरीत जरूर लिहा. प्रबंधात लिहिण्याआधी, पहिल्या प्रसंगात तो होता का, हेच पाठभेदामुळे पक्कं नाही, याची नोंद करा.

मग उरीयाकडून मिळतं काय?

बाहेरचा पुरावा नाही, भाषण नाही, तारीख नाही. तरी मला वाटतं, यिर्मयाच्या ग्रंथाबद्दल सगळ्यात मोलाची साक्ष या चार वचनांत आहे. एकच संदेश, एकच राजा. एकाचा लांबलचक ग्रंथ झाला, दुसऱ्याचं एक वाक्यही उरलं नाही. फरक कशाने पडला? मजकूर स्वतःच सांगतो: अहीकाम बिन शाफान. आता शाफानाचं घराणं ग्रंथभर शोधा. अहीकाम यिर्मयाला वाचवतो. गमऱ्या बिन शाफान याच्या खोलीत बारूख ते गुंडाळीपुस्तक वाचून दाखवतो. यरुशलेम पडल्यावर यिर्मयाला ज्याच्या स्वाधीन करतात तो गदल्या, अहीकामाचा मुलगा. त्यात बारूखासारखा लेखक हाताशी. राजाने पुस्तक जाळलं तर दुसरं लिहून काढणारा.

उरीयाकडे असं कोणी असल्याचं मजकुरात दिसत नाही. एका गावाचा माणूस, पळाला तो एकटा, पुरला गेला तो अनामिक कबरींत. म्हणजे आज आपण ज्याला ‘यरुशलेमच्या शेवटच्या काळातला संदेष्ट्याचा आवाज’ म्हणतो, तो ज्याला आसरा मिळाला त्याचा आवाज आहे. तसं बोलणारे आणखीही होते, हे आपल्याला कळतं ते या चार वचनांमुळेच. ती नसती तर यिर्मया एकटाच होता असंच आपण लिहिलं असतं, आणि आपल्याला खोडून काढायला कोणी नसतं.

लाखीशच्या खापरांवरून उरीयाला ‘शोधून काढलं’ असतं तर नेमका हाच मुद्दा हरवला असता. तो सेनापती, पत्रं, गुप्त चिठ्ठ्या असलेला मोठा माणूस झाला असता, आणि त्याच्याबद्दल एवढं कमी का उरलं, हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

तेव्हा तुमच्या साधनांत असा चार ओळींचा माणूस भेटला की वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात मजकूर नक्की काय म्हणतो ते, पाठभेदांसकट. दुसऱ्यात काय शक्य होतं ते, आणि कशाच्या आधारे. तिसऱ्यात त्याच्याबद्दल जास्त का नाही: लिहिणारं कोणी नव्हतं, जपणारं कोणी नव्हतं, की लिहिलेलं नष्ट केलं गेलं? तिसरा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत. आणि दुसऱ्यातलं वाक्य पहिल्यात सरकत नाही ना, हे प्रत्येक मसुद्यानंतर एकदा तपासा.